एम-4 कार्बाइनवर फ्री-फ्लोट रेल : निवड, जोडणी आणि तपासणी

एम-4 कार्बाइन ही अमेरिकन सेनेची आखूड रायफल. तिचे मूळ हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचे हात धरण्याचे आवरण, प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल कवचांचे असते. त्याचे मागचे टोक रिसीव्हरलगतच्या (रिसीव्हर म्हणजे नळी ज्यात बसते तो मुख्य सांगाडा) स्प्रिंगच्या कड्यात, म्हणजे डेल्टा रिंगमध्ये, अडकते आणि पुढचे टोक माशीच्या, म्हणजे नेम धरण्याच्या पुढच्या खुणेच्या, त्रिकोणी ठोकळ्यामागे असलेल्या पत्र्याच्या टोपीत शिरते. ही टोपी थेट नळीवर बसलेली असते. त्यामुळे हँडगार्डवर जो दाब किंवा जी ओढ येते, तिचा काही वाटा नळीलाही सोसावा लागतो. हाताची पकड, वाळूची पिशवी, बायपॉड (दोन पायांचा टेकू), खांद्याला ताणलेला पट्टा, यांपैकी प्रत्येक गोष्ट नळीला अगदी किंचित वाकवते आणि दर वेळी वेगळ्या मापाने वाकवते, म्हणून तीच कार्बाइन, तोच नेम आणि तीच गोळी असूनही ठसा जागा बदलतो. फ्री-फ्लोट रेल ही अडचण मुळातूनच काढते. ती फक्त मागच्या टोकाला, बॅरल नटवर (नळी रिसीव्हरला आवळून धरणारा नट) किंवा रिसीव्हरवर, घट्ट बांधलेली असते आणि तिथून पुढे नळी तिच्या पोटातून कुठेही न टेकता जाते.

ही कल्पना सैन्याने शोधलेली नाही, ती नेमबाजांकडून आली. अमेरिकेतील सर्व्हिस रायफल स्पर्धांमध्ये खेळाडू पट्टा दंडाला घट्ट आवळून नेम धरतात आणि तो पट्टा पुढच्या कडीतून नळीलाच खाली ओढतो. नियमानुसार रायफल बाहेरून लष्करी दिसणे आवश्यक असल्यामुळे तिथल्या आर्मररनी, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी, मूळ हँडगार्डच्या आत एक धातूची नळकांडी दडवली आणि पट्टा नळीऐवजी त्या नळकांड्याला बांधला. आपल्याकडे 50 मीटर थ्री पोझिशन खेळणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून नेम धरताना पट्ट्याचा ताण घेतला जातो, आणि त्या रायफलींची रचनाच अशी असते की तो ताण दस्त्याने घ्यावा आणि नळीपर्यंत पोहोचू देऊ नये.

लष्करी कार्बाइनवर मात्र रेल आधी आली आणि फ्री-फ्लोट नंतर आले. टॉर्च, लेझर आणि पुढची मूठ बसवायची असेल तर सर्वांना एकच ठरलेली खाच हवी, म्हणून अमेरिकेत 1995 साली एमआयएल-एसटीडी-1913 हे मानक ठरले, ज्याला सगळे पिकाटिनी रेल म्हणतात. त्यातील खाच 5.23 मिमी रुंद असते आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंतचे अंतर 10.01 मिमी असते. नाइट्स आर्मामेंट कंपनीच्या ज्या रेल अमेरिकन सेनेच्या एम-4 वर सर्वत्र दिसतात, त्या याच मापाच्या आहेत, परंतु त्या मूळ हँडगार्डच्याच जागी, डेल्टा रिंग आणि पुढची टोपी यांच्या मध्ये बसतात. म्हणजे त्यांवर सामान कितीही चढवता येते, पण नळी मोकळी होत नाही. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण बाहेरून दोन्ही रेल सारख्याच दिसतात. अमेरिकेच्या विशेष दलांनी 2005 मध्ये डॅनियल डिफेन्स कंपनीची आरआयएस-2 ही रेल निवडली ती याच कारणासाठी. ती बॅरल नटलाच बोल्टने आवळली जाते आणि माशीचा ठोकळा तिच्या खिडकीतून वर येतो. त्यानंतरच्या यूआरजी-आय या जोडणीत गायसेलीची 13.5 इंची मार्क-16 रेल आली आणि माशीचा उंच ठोकळा जाऊन रेलखाली मावणारा बुटका गॅस ब्लॉक, म्हणजे नळीतील थोडा वायू बाहेर घेणारा ठोकळा, आला.

रेल घेताना बहुतेक लोक पहिला प्रश्न वजनाचा विचारतात आणि दुसरा खाचांचा. माझ्या मते पहिला प्रश्न सांध्याचा असला पाहिजे, म्हणजे रेल मागच्या टोकाला कशाला, किती लांबीवर आणि किती स्क्रूंनी धरली आहे हा. याचे कारण लेझर आहे. डोळ्याने पाहायची दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याची नेमखूण) रिसीव्हरवर असते, नळी रिसीव्हरमध्ये असते, त्यामुळे त्या दोघींचे नाते पक्के राहते. पण एएन/पीईक्यू-15 सारखा लेझर रेलच्या पुढच्या टोकावर बसतो आणि आता ती रेल नळीला कुठेही शिवत नाही. नळी मोकळी करण्यासाठी आपण जे केले, त्यानेच लेझर आणि नळी यांच्यातील संबंध तुटून फक्त मागच्या सांध्यावर आला. 300 मिमी लांबीची रेल सांध्यात झुकून तिचे टोक अवघे 0.3 मिमी सरकले, म्हणजे छपाईच्या साध्या तीन कागदांच्या जाडीइतके, तर लेझरची रेषा एक मिलिरेडियनने फिरते. 100 मीटरवर ती चूक 10 सेमी होते आणि 300 मीटरवर 30 सेमी. रात्री नाइट-व्हिजन चष्म्यातून पाहणाऱ्या सैनिकाकडे नेम धरण्याचे तेवढेच एक साधन असते. म्हणून पातळ, सुबक आणि हलकी रेल जर दोन बारीक स्क्रूंच्या चिमट्यावर उभी असेल, तर ती दिवसाच्या खेळाला चांगली आहे, लेझरसाठी नाही.

चांगल्या सांध्याची ओळख हाताने पटते. बॅरल नट लांब असावा आणि रेलचा आतला पृष्ठभाग त्यावर पूर्ण लांबीने बसावा. रेल नटाभोवती फिरू नये म्हणून तिला मागे दोन कान असावेत, जे रिसीव्हरच्या दोन्ही बाजूंना अलगद टेकतात. आवळण्याचे स्क्रू एकाच रेषेत न राहता लांबीवर विखुरलेले असावेत. रेल 6061-टी6 सारख्या ॲल्युमिनियमची आणि वर कठीण ॲनोडायझिंग केलेली असावी. लांबीबाबत एवढेच सांगतो की रेल गॅस ब्लॉकच्या पलीकडे गेली तर त्या भागातील धातू चांगलाच तापतो आणि रेलच्या आत सायलेन्सर शिरणार असेल तर त्याच्याभोवती सर्व बाजूंनी मोकळी फट लागते.

खाचांच्या बाबतीत आता फारसा वाद उरलेला नाही. चारही बाजूंना पिकाटिनी असलेल्या रेल जड असतात आणि हाताला टोचतात, म्हणून 2012 मध्ये कीमॉड आणि 2014 मध्ये मॅगपुलचे एम-लॉक आले. त्यांत रेलची बाजू सपाट ठेवून फक्त भोके पाडलेली असतात आणि हवे तिथेच पिकाटिनीचा तुकडा बसवता येतो. अमेरिकन नौदलाच्या क्रेन येथील केंद्राने विशेष दलांसाठी यांची तुलना केली. त्यात सामान काढून पुन्हा त्याच जागी बसवल्यावर एम-लॉकवर नेम सरासरी 1.3 मिनिटांनी (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकला, तर कीमॉडवर 4.9 मिनिटांनी. एक मिनिट म्हणजे 100 मीटरवर सुमारे 2.9 सेमी, हे ध्यानात घेतले की फरक किती मोठा आहे ते कळते. विशेष दलांनी एम-लॉक स्वीकारले आणि बाजारही तिकडेच वळला. भारतीय सेनेने 2019 मध्ये करार करून ज्या 72,400 सिग-716 रायफली घेतल्या, त्यांचे हँडगार्डही एम-लॉकचेच आहे. पुण्यात पाषाण येथील एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेने विकसित केलेल्या जेव्हीपीसी कार्बाइनवरही सामान चढवण्यासाठी पिकाटिनी रेल आहे, त्यामुळे मानकांची ही भाषा आपल्याकडच्या आर्मररनाही रोजची होत चालली आहे.

आता जोडणीकडे वळू. भारतात अशी कार्बाइन फक्त सैन्य आणि पोलीस दलांकडे असू शकते आणि तिला हात लावण्याचा अधिकार तेथील आर्मररचाच आहे. अमेरिकेत राहणारे जे मराठी वाचक त्याच बांधणीची नागरी रायफल कायदेशीररीत्या बाळगतात, त्यांनी आपल्या राज्याचे नियम आधी पाहावेत. दोघांसाठीही पहिली पायरी एकच आहे. मॅगझिन काढावे, चार्जिंग हँडल मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्याने पाहावे आणि बोट घालूनही खात्री करावी, मग वरचा आणि खालचा रिसीव्हर वेगळे करून बोल्ट कॅरियर, म्हणजे रिसीव्हरमध्ये मागेपुढे सरकणारा, बोल्ट धरणारा भाग, बाहेर काढावा. ज्या टेबलावर काम चालू आहे, त्या खोलीत एकही गोळी असू नये.

वरचा रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आणि पातळ भिंतीचा असतो, त्यामुळे तो नुसता व्हाइसच्या जबड्यात कधीही धरू नये. त्याच्या आकाराचा ठोकळा किंवा नळीच्या मागच्या दात्यांमध्ये अडकणारा दांडा वापरावा. प्रथम नळीच्या तोंडाचा फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा तुकडा) काढावा. मग गॅस ट्यूबची, म्हणजे नळीतील वायू मागे रिसीव्हरमध्ये नेणाऱ्या बारीक नळीची, खिट्टी योग्य मापाच्या पंचने हलक्या ठोक्यांनी बाहेर काढून ट्यूब मोकळी करावी. माशीचा ठोकळा दोन निमुळत्या खिट्ट्यांवर असतो आणि त्या एकाच दिशेने निघतात. नळीचे तोंड आपल्यापासून दूर ठेवून पाहिले तर डावीकडून ठोकून उजवीकडे काढायच्या. उलट बाजूने ठोकणारा माणूस त्या आणखी घट्ट करतो आणि शेवटी पंच वाकवून बसतो. ठोकळ्याखाली लाकडाचा भक्कम आधार द्यावा, पहिला ठोका आखूड पंचने एकदाच पण जोरात मारावा आणि खिट्टी हलल्यावरच लांब पंच घ्यावा.

ठोकळा निघाल्यावर टोपी, डेल्टा रिंग आणि जुना बॅरल नट काढता येतो. जुना नट बरेचदा हट्टीपणाने बसलेला असतो. अशा वेळी त्याच्या आट्यांवर भेदक तेल सोडून काही तास थांबावे, पाना त्याच्या दात्यांवर पूर्ण बसला आहे याची खात्री करावी आणि झटके न देता सलग जोर लावावा. पाना अर्धवट बसलेला असताना जोर लावला की दाते गोल होतात आणि मग पुढचा सगळा दिवस त्यातच जातो.

नव्या नटासाठी रिसीव्हरचे आटे ब्रशने स्वच्छ करून त्यांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस पातळ लावावे. ग्रॅफाइटचे ग्रीस येथे लावू नये, कारण ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि त्यांत ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झिजू लागते. नळीची खिट्टी रिसीव्हरच्या खाचेत बसवून नट हाताने फिरवावा. तो शेवटपर्यंत हाताने सहज गेला पाहिजे, अडला तर आटे तिरके लागले आहेत असे समजून मागे यावे. मूळ पद्धतीच्या नटासाठी लष्करी पुस्तिकेतील मर्यादा 30 ते 80 फूट-पौंड, म्हणजे साधारण 41 ते 108 न्यूटन-मीटर आहे. आधी 30 पर्यंत आवळावे, मग सैल करावे, पुन्हा आवळावे, आणि असे दोन-तीनदा केल्यावर आटे एकमेकांत नीट बसतात. त्यानंतरच शेवटचे आवळणे. रेलबरोबर येणाऱ्या नटाचा आकडा निर्मात्याच्या कागदावर वेगळा असेल, तर तोच पाळावा. येथे एक गोष्ट टॉर्क रेंच वापरणाऱ्यांच्याही हातून निसटते. नटाचा पाना रेंचच्या पुढे सरळ रेषेत लावला तर हाताची लांबी वाढते आणि काट्यावर दिसतो त्यापेक्षा जास्त जोर नटावर पडतो. पाना रेंचशी काटकोनात ठेवला की दिसणारा आकडा बहुतांशी खरा ठरतो.

आता गॅस ट्यूबचा प्रश्न येतो आणि माझ्या अनुभवात सगळ्या जोडणीत हीच जागा सर्वांत जास्त काळजी मागते. ट्यूब बॅरल नटच्या भोकातून रिसीव्हरमध्ये जाते. ती भोकाच्या कडेला घासली तर नळी बाहेरून मोकळी दिसत असूनही एका जागी टेकलेलीच राहते, शिवाय ट्यूब झिजते आणि बोल्ट कॅरियरच्या गॅस कीला (ट्यूबच्या टोकावर चढणाऱ्या भागाला) तिरके आघात सोसावे लागतात. तपासणी साधी आहे. चार्जिंग हँडल आणि बोल्ट बाहेर ठेवून नुसता कॅरियर रिसीव्हरमध्ये घालावा आणि बोटाच्या टोकाने हळूहळू पुढे सारावा. गॅस की ट्यूबच्या टोकावर चढते तो क्षण हाताला जेमतेम जाणवला पाहिजे. तिथे टकटक झाली किंवा कॅरियर थबकला, तर पाठीमागून आत उजेड टाकून पाहावे, कारण ट्यूबचे टोक कोणत्या बाजूला झुकले आहे ते लगेच दिसते. नटाला दाते असतील तर मर्यादेच्या आतच राहून पुढच्या खाचेपर्यंत आवळावे, आणि नट शिम (पातळ चकती) घेणारा असेल तर पातळ शिम वाढवून भोक बरोबर बाराच्या काट्यावर आणावे. नट मागे सैल करून भोक जुळवण्याचा मोह टाळावा, आणि ट्यूब वाकवून काम निभावण्याचा तर विचारही करू नये.

यानंतर गॅस ब्लॉक किंवा माशीचा ठोकळा परत बसवून रेल पुढून सरकवावी. रेलचे कान रिसीव्हरला दोन्ही बाजूंनी सारखे टेकले आहेत का ते पाहावे. मग पोलादी पट्टी आडवी धरून तिची धार रिसीव्हरच्या माथ्यावर अर्धी आणि रेलच्या माथ्यावर अर्धी ठेवावी. पट्टीखालून उजेड दिसला किंवा पट्टी हलली, तर रेल झुकलेली किंवा फिरलेली आहे. दुर्बिणीचा किंवा रात्रीच्या क्लिप-ऑन उपकरणाचा माउंट अर्धा रिसीव्हरवर आणि अर्धा रेलवर असा कधीही बसवू नये, कारण दोन वेगळ्या तुकड्यांना तो एकत्र आवळतो आणि मोकळ्या केलेल्या रेलवर नवा ताण आणतो.

स्क्रूंवर मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावावा, आणि तो लावण्यापूर्वी स्क्रू व भोके दोन्ही डिग्रीझरने पुसावीत. मी राहतो त्या अमेरिकन गावातील क्लबच्या रेंजवर एका मित्राची कार्बाइन दर आठवड्याला लेझरचा नेम हरवत असे. त्याने दोनदा लेझर बदलला, एकदा माउंट बदलला, आणि तिसऱ्या वेळी आम्ही रेल उघडली तेव्हा सगळ्या स्क्रूंवर थ्रेडलॉकर होता, परंतु त्याच्याखाली कारखान्यातील तेलाचा थर तसाच होता. बोटाने घासताच तो निळा पापुद्रा सालीसारखा सुटून आला. स्क्रू स्वच्छ करून ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर जुनाच लेझर जागेवर राहू लागला. थ्रेडलॉकर बॅरल नटवर मात्र लावायचा नसतो, तिथे ग्रीसच हवे.

जोडणी झाल्यावर साध्या कागदाची पट्टी नळी आणि रेल यांच्या मधल्या फटीत घालून मागून पुढपर्यंत सारावी. गॅस ब्लॉकभोवती ती फिरवण्यास विसरू नये, कारण बहुतेक वेळा रेल टेकते ती तिथेच. एम-लॉकचे सामान बसवताना स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर त्याचे टोक आतून नळीला टेकू शकते, म्हणून सर्व सामान चढवून झाल्यावर कागद पुन्हा एकदा फिरवावा.

लेझरची परीक्षा गोळी न झाडताही घेता येते. रिकामी कार्बाइन वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवावी, दृश्य लेझर कमी शक्तीवर लावून 25 मीटरवरील भिंतीवर ठिपका पाडावा, आणि एकाने दुर्बिणीतून पाहत असताना दुसऱ्याने रेलचे पुढचे टोक अंगठ्याने बाजूला दाबावे. दाबताना रेल थोडी लवणारच, पण हात काढल्यावर ठिपका दुर्बिणीच्या खुणेच्या तुलनेत पूर्वीच्याच जागी परतला पाहिजे. तो परतला नाही तर सांधा ढिला आहे, आणि 25 मीटरवर 25 मिमी फरक म्हणजे वर सांगितलेला एक मिलिरेडियन. खरी परीक्षा रेंजवर होते. नेम झीरो करून, म्हणजे गोळीच्या ठशाशी जुळवून, झाल्यावर पाच गोळ्या रेल पिशवीवर अलगद टेकवून झाडाव्यात, पुढच्या पाच बायपॉडवर पुढे जोर देऊन, आणि आणखी पाच पट्टा ताणून. तिन्ही गट एकाच जागी पडले तर नळी खरोखर मोकळी आहे. पट्ट्याचा गट ठरावीक दिशेला सरकत असेल, तर रेल कुठेतरी नळीला शिवते आहे किंवा पट्ट्याची कडी अजून नळीवरच अडकवलेली आहे.

हे सगळे झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रेलवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पहिल्या 200 गोळ्यांनंतर आणि पुढे प्रत्येक सफाईच्या वेळी त्या रेघा पाहाव्यात. एखादी रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू तसाच आवळू नये. तो पूर्ण बाहेर काढावा, पुसावा, नवा थ्रेडलॉकर लावून ठरलेल्या टॉर्कने बसवावा, नवी रेघ ओढावी आणि त्यानंतर लेझर पुन्हा झीरो करावा.